कुप्पुराव निकाल देतात

माझी नात आणि तिच्या मैत्रिणी शनिवारी आमच्या पुण्याच्या घरी जमतात आणि रंगीत फासे टाकून भांडतात. खेळ साधा आहे. एकजण गोष्ट चालवते, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी तलवारवाली, कुणी चेटकीण. आणि काय जमलं, काय फसलं, ते फासे आणि एक जाडजूड नियमांचं पुस्तक मिळून ठरवतात. मागच्या शनिवारी भांडण लागलं ते असं, की चेटकिणीच्या तोंडात बोळा कोंबला असेल तर तिला मंत्र टाकता येतो का. मी शेजारी गवार मोडत बसले होते. म्हटलं, "पुस्तकात शब्द हवेत म्हटलंय की आवाज हवा म्हटलंय, ते आधी बघा."

चपलांचं कपाट अचानक बोलू लागावं तशा चौघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"आजी, तुला काय माहीत?"

"मी अग्निमुखी नावाची चेटकीण होते," मी म्हटलं. "तुझी आई दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हा."

पुढचं त्यांना सांगितलं नाही. त्यातलं हसण्यासारखं अर्धंच आहे.

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या घराला भिंत लावून कुप्पुरावांचं घर होतं. उंच, काटकुळे, धोतर कायम घोट्याच्या वर, जणू पुढचं पाऊल पाण्यात पडणार आहे. सगळी नोकरी कावेरीच्या कालव्यांवर गेली होती. कुठल्या शेताला कुठल्या वारी पाणी सोडायचं, यावरून भांडणं लागत, ती ऐकून निकाल देणं हे त्यांचं काम. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत तो दांडगा, शेवटाला ज्याचं शेत त्याच्या वाट्याला चिखल. हा शेवटचा शेतकरी तक्रार करायलाही येत नसे, कारण यायला बसभाडं लागे. म्हणून कुप्पुरावांनी एक रीत पाडून घेतली होती. कुठलाही नियम ते तीनदा मोठ्यानं वाचत. पहिल्यांदा ज्याला पाणी हवंय त्याच्यासाठी, दुसऱ्यांदा ज्याचं जाणार त्याच्यासाठी, आणि तिसऱ्यांदा जो तिथं आलेलाच नाही त्याच्यासाठी. निवृत्त झाल्यावर ही रीत घरी आली. लोणच्याच्या बरणीवरचा कागदसुद्धा ते तीनदा वाचत.

कॉफी वाटायची झाली तर सगळ्यात लांब बसलेल्याला आधी देत. गळका नळ दिसला की बोलता बोलता थांबत. आणि गाणं सुरू झालं की झोपत. आमच्याकडे गाण्याच्या बैठकीला कचेरी म्हणतात, आणि कुप्पुराव तिथं खऱ्या कचेरीत झोपावं तसं झोपत, ताठ बसून, हातातली छत्री न सोडता. त्यांच्या पत्नी कमळावैनी गाण्यासाठी नावाजलेल्या तिरुवैयारूच्या. लहानपणी गाणं शिकलेल्या. नवऱ्याच्या कानाबद्दल त्या म्हणत, "ह्यांना दोनच राग ठाऊक. एक चालू असतो, एक संपलेला."

त्या वर्षांत देशाची दारं उघडली असं पेपरात येई. आमच्या गल्लीत ती बाहेरच्या बाजूला उघडली. घरटी एक मुलगा कॉम्प्युटर शिकला आणि अमेरिकेला गेला. कुप्पुरावांचा एकुलता मुरली त्यातलाच. त्रिचीला इंजिनियरिंगच्या हॉस्टेलमध्ये तो आणि त्याचे मित्र हा खेळ खेळत. जाताना तो एका इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स घरी टाकून गेला. ट्रंक आवरताना ती कमळावैनींच्या हाती लागली.

"चार वर्षं सुट्टींत आलं कीं पोरगं हेंच उराशी घेऊन निजायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "यांत काय आहे तें मला कळायला हवं. तुम्ही वाचा, मी ऐकतें."

कुप्पुरावांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं, तीनदा, आणि सरकारी हुकूम काढावा तसं जाहीर केलं, "हें वाचायचं नसतं. खेळायचं असतं. माणसं पाहिजेत."

माणसं म्हणजे मी आणि बालू. बालू त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारा तमिळ मुलगा, बँकेत कॅशियर, इतका सरळ की फासा उलटा पडला तर स्वतःहून सांगे. आणि मी. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची, घरी हिंदीच्या परीक्षांचे वर्ग घेत असे. तमिळनाडूत हिंदी शिकवणं म्हणजे माशाला छत्री विकणं. विद्यार्थी मिळून पाच. पण त्यामुळं मला नागरी लिपी येत होती, गल्लीत इतर कुणाला येत नव्हती, आणि एवढ्यावर मी स्वतःला सरस्वती समजत होते. शिवाय दोन वर्षं गाणं शिकले होते, म्हणून कचेरीत पहिल्या रांगेत बसून समेच्या जरा आधीच मान हलवायचे. तो फोटो आजही कुठं सापडला तर मी फाडीन. कुप्पुराव मला टीचरम्मा म्हणत. त्यात किती मान आणि किती थट्टा, हे मला फार उशिरा कळलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की चटई पडे. ते बहुकोनी फासे आमच्याकडे नव्हते. कमळावैनींच्या माहेरचे पितळी तायकट्टै होते, लांबट, चौकोनी, फरशीवर पडले की घंटेसारखे वाजणारे. त्यावर हिशेब बसवला. गोष्ट कुप्पुराव चालवत, निकालही तेच देत. मग पहिलाच मंत्र टाकायची वेळ आली, तेव्हा मी मुरुक्कू खात होते.

"थांबा," कमळावैनी म्हणाल्या. "उष्ट्या तोंडानं मंत्र?"

"पुस्तकांत तसं कांही नाहीं," कुप्पुराव म्हणाले.

"पुस्तक लिहिणाऱ्याला आई नव्हती काय? आणि एक. मंत्र ज्याचा त्यानं आपल्या तोंडानं म्हणायचा. नुसतं 'माझी चेटकीण मंत्र म्हणते' असं म्हटलेलं चालायचं नाहीं. दुसऱ्याच्या तोंडचा मंत्र कधी फळतो?"

कुप्पुरावांनी पान तीनदा वाचलं. खेळणाऱ्यानं स्वतः मंत्र म्हणावा की नाही, यावर पुस्तक गप्प होतं. "पुस्तक गप्प तिथं घरची रीत," त्यांनी निकाल दिला. "चूळ भरायची. मंत्र आपल्या तोंडानं म्हणायचा. बदली चालणार नाहीं."

तेव्हापासून आमच्या लढाया फार सावकाश होत. मंत्र म्हणायचा झाला की आधी परसातल्या नळावर जाऊन चूळ भरायची. तोवर राक्षस बिचारे थांबत. मी स्वतः रचलेली अगडबंब संस्कृत कडवी म्हणे, ज्यात व्याकरणापेक्षा विसर्ग जास्त. बालू बँकेतल्या अर्जांची नावं उलटी म्हणे. कमळावैनींचे मंत्र दोन-तीन शब्दांचे, गुणगुणल्यासारखे. त्यांचेच लागत.

निद्रामंत्राचा निकाल मला अजून टोचतो. पुस्तकात होतं, रिंगणातले सगळे झोपतात. मी रिंगण टाकलं, राक्षस झोपले, आणि मी टाळ्या वाजवल्या. कुप्पुराव म्हणाले, "बालू झोपला. तुम्हीही झोपलांत. तुम्हीही रिंगणांत होतां."

"सगळे म्हणजे सगळे शत्रू," मी म्हटलं. "अर्थ उघड आहे. मी भाषा शिकवते."

"झोपेला तुमचे शत्रू कोण तें ठाऊक नाहीं, टीचरम्मा."

मी तासभर वाद घातला. आवाज चढवला. शेवटी रागानं उठून घरी गेले आणि दोन रविवार गेले नाही, मला बोलवायला येतील म्हणून. कुणी आलं नाही. तिसऱ्या रविवारी निमूट गेले तेव्हा कमळावैनी म्हणाल्या, "उठलांत काय? बराच वेळ झोपलां होतां."

बायकोसाठीही नियम वाकत नसे. एकदा कमळावैनींच्या पात्राचा सोबती नदीच्या पलीकडं घायाळ पडला. बरं करायच्या मंत्राला स्पर्श हवा होता आणि मधे नदी होती. त्या आर्जवं करत होत्या. कुप्पुरावांनी वाचलं, पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मान हलवली. सोबती गेला. आठवडाभर कुप्पुरावांना बिनसाखरेची कॉफी मिळाली. ती ते शेवटच्या घोटापर्यंत पीत. मी एकदा म्हटलं, जरा सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तर म्हणाले, "एकाला काठ फोडून पाणी दिलं कीं पुढं त्याच्या पाण्यावर कुणाचा विश्वास राहत नाहीं. त्याचासुद्धां."

मुरलीचा फोन रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या बूथमध्ये येई. एकदा कुप्पुरावांनी त्याला एक नियम विचारला. तिकडून तो हसला. "अप्पा, तुम्ही अजून तें घेऊन बसलांत? मी सगळं अस्कं विसरलों." बूथमधून बाहेर येऊन कुप्पुराव बायकोला म्हणाले, "त्यालाही शंकाच आहे म्हणतो." मी मागं बूथच्या दाराशीच रांगेत उभी होते आणि मुरलीचा आवाज फोनबाहेर येत होता, म्हणून मला माहीत.

मग एके सकाळी कमळावैनी वाटणाच्या रगड्यापाशी कोसळल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून आल्या त्या खाटेवर. समजे सगळं. तोंडातून शब्द मात्र एक निघत नसे. गल्लीतल्या बायका येत, वाटीत कांजी घेऊन, आणि त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलत. "पावं, बिचारी, कशी होती आणि कशी झाली." मीही त्यातलीच. मी तर त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, कान गेले असल्यासारखी. त्या डाव्या हातानं चादरीची कड चुरगळत राहत.

महिन्याभरानं एका रविवारी कुप्पुरावांनी मला आणि बालूला हाक मारली. चटई पडली होती. कमळावैनींना उशा लावून चटईवर बसवलं होतं. समोर तायकट्टै.

खेळ सुरू झाला. त्यांच्या चेटकिणीची पाळी आली. 

बालू हळूच म्हणाला, "सार, वैनींनी नुसतं बोट दाखवावं. आपण समजून घेऊ. त्यांना सूट."

"हो की," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय?"

कमळावैनींनी डाव्या हातानं तायकट्टै ढकलले. ते घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेले. मंत्र आपल्या तोंडानं म्हणायचा, ही रीत त्यांनीच घातली होती. त्यांना आजारी म्हणून बसवणारं गाव भरपूर होतं. बरोबरीनं बसवणारी जागा ही एवढी चटई उरली होती, आणि तिथंही आम्ही कांजीची वाटी घेऊनच आलो होतो. कुप्पुराव उठले, तायकट्टै उचलून आणले, धोतराला पुसले आणि बायकोपुढं ठेवले.

"सूट नाहीं," ते म्हणाले. "अगो, नियम वाचतों. ऐक."

त्यांनी वाचलं. एका पानावर होतं, मंत्र म्हटला पाहिजे. दुसऱ्या पानावर होतं, ज्याला आवाज काढता येत नाही त्याला मंत्र टाकता येत नाही. तीनदा दोन्ही वाचलं. मग चष्मा काढला.

"बंदी आहे ती आवाज नसण्यावर. शब्द कोणते, किती, असावेत कीं नसावेत, याविषयीं पुस्तक बोलत नाहीं. तुला आवाज आहे. काल बालूच्या रेडिओसंगट गुणगुणत होतीस. मी ऐकलं."

हे खरं होतं. शब्द गेले होते पण सूर उरला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

बालूचा प्रामाणिकपणा अशा वेळीही सुटत नसे. "पण सार, गुणगुणण्यावरून कळणार कसं, आग आहे की उजेड?"

"आक्षेप रास्त आहे," कुप्पुराव म्हणाले. "प्रत्येक मंत्राला एक सूर. तिनं ठरवावा, आज एकदां म्हणून दाखवावा. पुढं फासा पडायच्या आधीं मी सांगेन कोणता मंत्र ऐकला. चुकलों तर मंत्र वाया. ती हात आपटून सांगेल."

"तुम्ही?" मी म्हटलं. मला हसू आवरेना. "तुम्हांला दोन राग कळतात. मी ओळखते ना, मी शिकलेय गाणं."

"वकील नको, टीचरम्मा. ती माझ्याशीं बोलते आहे."

 कमळावैनींनी परसाच्या दिशेनं मान केली. बालूला आधी कळलं. तो उठून तांब्या आणि वाटी घेऊन आला, आणि त्यांनी तिरक्या ओठांनी, अर्धं पाणी हनुवटीवरून सांडत, चूळ भरली.

पहिले कितीतरी रविवार कुप्पुराव चुकले. कमळावैनी उजेड म्हणत, ते आग सांगत; फरशीवर डावा तळवा आपटे आणि बालूच्या डोक्यात राक्षसाची गदा बसे. मला ओळखू येई, आणि मी ओठ घट्ट मिटून, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं गप्प बसे. सकाळी भिंतीपलीकडून ऐकू येई. त्या एक सूर काढत, कुप्पुराव काहीतरी म्हणत, हात आपटल्याचा आवाज. पुन्हा सूर. वैतागून त्या कधी रडत. कधी दोघंही हसत, आणि ते हसणं भिंतीला कान लावणाऱ्या बाईनं ऐकायचं नव्हतं.

शेवटी कुप्पुराव गाणं शिकलेच नाहीत. त्यांनी ते पाण्यासारखं ऐकलं. मला एकदा समजावून सांगत होते, "हें बघा, इथं कालव्याची फळी वर झाली, पाणी आलं. इथं अडलं. इथं खालीं पडलं. हा उजेड." माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात असं कुणी सांगितलं नव्हतं. पुढं ते चुकेनासे झाले. खेळाबाहेरही. पाणी हवं, खिडकी उघडा, पदर सरकलाय, या बाईला आता घरी पाठवा. शेवटचा सूर मीही ओळखत असे. मुरलीसाठी एक होता. तो ऐकला की कुप्पुराव छत्री घेऊन बूथकडं निघत.

दीड वर्षानं दुसरा झटका आला. मुरली अमेरिकेहून धावत आला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, इथं करण्यासारखं फार नाही. मद्रासला मोठ्या ठिकाणी न्यायचं तर न्या, पण वाट लांबची, आणि तिथंही खात्री नाही. मुरलीनं गाडी ठरवली. पोरगा दोन दिवस झोपला नव्हता. दुपारची वेळ. कमळावैनींच्या डाव्या हाताला सलाईन लावलेलं, हात फळीला बांधलेला. मी आणि बालू खाटेच्या पायथ्याशी उभे होतो.

"अम्मा, मद्रासला जाऊं या," मुरली त्यांच्या कानाशी म्हणाला. "तूं बरी होशील."

कमळावैनींच्या घशातून बारीक आवाज आला. जरा वर गेला, थांबला.

कुप्पुराव पुढं वाकले होते. ते सरळ झाले. "नको म्हणते. घरीं न्या म्हणते."

"अप्पा, ती कण्हतेय."

"नाहीं. नको म्हणते."

"हा खेळ नाहीं, अप्पा." मुरलीचा आवाज फाटला. "तुमच्या त्या खेळावर तुम्ही तिचं मरण ठरवणार?"

 कुप्पुराव हळू म्हणाले, "त्या खेळांत मी तिचं ऐकायला शिकलों, मुरली. तो नसता तर आज मलाही कण्हणंच ऐकूं आलं असतं."

गाडी घरी आली, मद्रासला गेली नाही. कमळावैनी खिडकीजवळच्या खाटेवर काही दिवस होत्या, बहुतेक झोपेत. मग गेल्या. मुरलीनं सगळं नीट केलं, मान खाली घालून. बापाशी कामापुरतं बोलला. वडिलांना एकटं ठेवायचं नाही म्हणून त्यांना बरोबर अमेरिकेला न्यायचं त्यानंच ठरवलं. त्यात माया होती की शिक्षा, मला ठरवता आलं नाही.

स्टेशनवर पोचवायला मी आणि बालू गेलो. मुरली डब्यात सामान लावत होता. कुप्पुराव खिडकीशी बसले होते, नवी पँट घातलेली, पाय कुठं ठेवावे कळत नसल्यासारखे. बालू पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"टीचरम्मा, त्या दिवशीं तुम्ही पायथ्याशीं होतां. तुम्हांला कान आहे. काय ऐकलंत?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या गाण्याला मान दिला होता, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. जरा सूर वर गेलेला ऐकला होता. पुढं काय झालं ते नाही. तसं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "मीही तेवढंच ऐकलं. फळी वर झाली, तेवढं. पुढचं मी भरलं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "तुम्ही चुकला असतां तर त्यांनी हात आपटला असता."

"हात बांधलेला होता," कुप्पुराव म्हणाले.

बालू बाटली घेऊन आला. शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा मुरली येऊन त्यांच्यासमोर बसला होता, आणि कुप्पुराव त्याला काहीतरी सांगत होते, फार हळू. मुरली म्हणाला, "काय?" पुन्हा म्हणाला, "काय, अप्पा?" मग मी पाहिलं, तो आपल्या जागेवरून उठला, बापाच्या शेजारी जाऊन बसला आणि मान वाकवून त्यानं कान त्यांच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात डबा पुढं गेला.